प्रस्तावना : पाण्याची ऊब आणि क्रॅपीचा हंगाम

गळाने मासे धरण्याच्या विद्येवर पाश्चात्त्य देशांत जे विपुल वाङ्मय निर्माण झाले, त्यातील मानाचे पान बहुधा ट्राउट आणि सामन या दोन माशांच्या वाट्याला आले. थंड पहाडी ओढ्यांत राहणारे, उमरावांच्या राखीव पाण्यात वाढणारे आणि रंगीत पिसांच्या कृत्रिम माशीवर झेप घेणारे हे मासे ग्रंथकारांना प्रिय व्हावेत यात नवल नाही. परंतु अमेरिकेच्या मध्य व दक्षिण भागांत, मिसिसिपी आणि तिच्या उपनद्यांच्या विस्तीर्ण मुलुखात, मार्चच्या मध्यापासून मेच्या आरंभापर्यंत ज्या माशाच्या ओढीने कारखान्यातला कामगार, तंबाखूचा शेतकरी, निवृत्त टपाल-कारकून आणि नातवाचा हात धरून धक्क्यावर येऊन बसलेली आजी हे सारे एकाच उत्कंठेने पाण्याकडे वळतात, त्या क्रॅपी नावाच्या माशाबद्दल मराठी वाचकाला सांगणारे कोणी भेटत नाही. ती उणीव काही अंशी भरून काढावी, हा पुढील प्रकरणांचा हेतू आहे. या सर्व लेखनामागे माझी एकच धारणा आहे, आणि ती आरंभीच नमूद करणे बरे: क्रॅपीची वसंतातील शिकार ही मुख्यतः पाण्याची ऊब ओळखण्याची विद्या आहे, काठी, दोरी, गळ आणि आमिष हा सारा सरंजाम तिच्या मागून येतो, आणि ज्याला पाणी कळले नाही त्याच्या हातातील भारी सामग्रीही व्यर्थ ठरते.

प्रथम माशाची ओळख. क्रॅपी हा गोड्या पाण्यातील सनफिश कुळातला. ज्याच्यासाठी मोठमोठ्या स्पर्धा भरतात तो लार्जमाउथ बास आणि पोराटोरांच्या गळाला हमखास लागणारा ब्लूगिल हे त्याचे भाऊबंद. त्याच्या दोन जाती आहेत. पांढऱ्या क्रॅपीचे शास्त्रीय वर्णन १८१८ मध्ये कॉन्स्टंटाइन राफिनेस्क या निसर्गवेत्त्याने केले. कॉन्स्टँटिनोपलमध्ये जन्मलेला हा विक्षिप्त आणि विलक्षण मनुष्य पुढे केंटकीतील लेक्सिंग्टन येथे विद्यापीठात शिकवीत असे, आणि ओहायो नदीतील माशांवर १८२० साली प्रसिद्ध झालेला त्याचा ग्रंथ त्या प्रदेशाच्या मत्स्यशास्त्राचा आद्य दस्तऐवज मानला जातो. काळ्या क्रॅपीला शास्त्रीय नाव मिळाले ते १८२९ मध्ये, फ्रेंच चित्रकार-निसर्गवेत्ता शार्ल अलेक्झांद्र ल्यूस्यूर याच्याकडून. हा इंडियाना प्रांतात, वाबाश नदीकाठच्या न्यू हार्मनी या वसाहतीत कित्येक वर्षे राहिला होता. दोन्ही जाती अंगाने चपट्या, रुपेरी आणि साधारण वितीएवढ्या. पांढऱ्याच्या अंगावर उभे फिकट पट्टे असतात, काळ्याच्या अंगावर शाईचे शिंतोडे उडाल्यासारखे विस्कळीत ठिपके. तथापि रंगावर विसंबण्यापेक्षा पाठीवरच्या पराचे टणक काटे मोजावेत हे उत्तम, कारण पांढऱ्याला ते पाच किंवा सहा असतात आणि काळ्याला सात किंवा आठ. पांढऱ्याला गढूळ पाणी चालते. काळ्याला स्वच्छ पाणी आणि पाणवनस्पती यांची आवड अधिक. वजन बहुधा पाव ते अर्धा किलो. मिसिसिपी राज्यातील एनिड धरणाजवळ १९५७ साली सापडलेला, पाच पौंड तीन औंसांचा पांढरा क्रॅपी आणि टेनेसीत २०१८ मध्ये सापडलेला, पाच पौंड सात औंसांचा काळा क्रॅपी हे जागतिक विक्रम आहेत. सामान्य शिकाऱ्याने त्या आकड्यांच्या नादी लागू नये.

या माशाचे तोंड मात्र जवळून पाहण्यासारखे आहे. पकडलेला क्रॅपी उन्हाकडे धरून त्याचा वरचा ओठ हलकेच पुढे ओढला, तर जबड्याच्या बाजूला ताणला जाणारा पापुद्रा इतका पातळ दिसतो की त्यातून पलीकडचा उजेड स्वच्छ येतो. गळ या पापुद्र्यात रुतला आणि शिकाऱ्याने सवयीप्रमाणे काठीला हिसका दिला की पापुद्रा फाटतो आणि मासा जातो. म्हणून येथे हिसका वर्ज्य; काठी संथपणे वर उचलायची, दोरी कधी ढिली पडू द्यायची नाही, आणि मासा पाण्याबाहेर लोंबकळत न आणता खालून जाळी घालून उचलायचा. दुसरी गोष्ट डोळ्यांची. क्रॅपीचे डोळे डोक्यावर उंच बसवलेले असतात आणि तो भक्ष्याकडे खालून वर पाहतो; त्यामुळे आमिष त्याच्या पातळीच्या वर असले तर तो उठून येतो, खाली गेले तर त्याला त्याची दखलही नसते. वर येऊन त्याने आमिष तोंडात घेतले की दोरीवरचा भार नाहीसा होतो, आणि पृष्ठभागावर ताठ उभे असलेले बूच पाण्याखाली बुडण्याऐवजी शांतपणे आडवे होते. नवशिका बूच बुडण्याची वाट पाहत राहतो. जाणता ते आडवे झाल्याबरोबर काठी उचलतो.

आता पाण्याकडे वळू, कारण सर्व रहस्य तेथे आहे. पाणी चार अंश सेल्सियसला सर्वांत जड असते. त्याहून ते उबदार झाले की हलके होऊन वर राहते. म्हणून हिवाळा संपताना सूर्याने दिलेली ऊब प्रथम वरच्या थरात आणि उथळ खाडीत साठते, आणि त्याच तलावातील खोल पात्र मात्र आठवडेच्या आठवडे थंड राहते. मासा शीतरक्ताचा, त्याच्या पचनाची, हालचालीची आणि अंडी पिकण्याची गती बाहेरच्या पाण्याने ठरवायची. त्यामुळे हिवाळाभर बुडालेल्या जुन्या ओढ्यांच्या खोल पात्रांत थवे करून मंदपणे राहिलेला क्रॅपी पाणी १० अंशांच्या आसपास आले की हलू लागतो. १३ अंशांच्या सुमारास तो ओढ्याच्या काठावरच्या उतारांवर, आठ-दहा फुटांच्या खोलीत, बुडालेल्या खोडांच्या आश्रयाने मुक्काम ठोकतो. पाणी १६ ते २० अंशांत स्थिरावले की नर उथळ जागेत जाऊन घरटी करू लागतात. अमेरिकेत अद्याप फॅरनहाइटचे माप चालते, म्हणून तेथील बोलण्यात ‘साठ अंश’ हा आकडा वारंवार ऐकू येतो. साडेपंधरा सेल्सियस ते हेच.

पण तलाव सर्वत्र सारखा तापत नाही, आणि शिकाऱ्याची खरी परीक्षा या असमानतेत आहे. उत्तरेकडच्या काठावर दक्षिणेचे ऊन दिवसभर थेट पडते आणि पाठीमागच्या टेकडीमुळे उत्तरेचा गार वारा तेथे पोहोचत नाही. म्हणून हंगामाचे पहिले मासे त्या काठाला मिळतात. काळसर चिखलाचा तळ वाळूच्या तळापेक्षा लवकर तापतो. धरणाच्या आणि पुलांच्या भरावावर जे दगडी पिचिंग असते, ते दुपारभर ऊन साठवून संध्याकाळपर्यंत भोवतालच्या पाण्याला देत राहते. किंचित गढूळ पाण्यातील मातीचे कण ऊन शोषून घेतात, त्यामुळे पावसानंतर ओढ्याच्या मुखाशी आलेले गढूळ पाणी पुष्कळदा स्वच्छ पाण्याहून उबदार सापडते. अर्थात तो पाऊस उबदार वाऱ्याबरोबर आलेला हवा. या दिवसांत पहाटे उठून पाण्यावर जाण्याचा जो दस्तूर इतर माशांच्या बाबतीत योग्य, तो आरंभीच्या क्रॅपीला लागू नाही. दुपारी तीन-चारच्या सुमारास, पाणी दिवसाच्या परमावधीला पोहोचते तेव्हा, तो उथळात येतो. आणि मध्येच उत्तरेचा थंडीचा लोट आला, रात्रीत पाणी तीन-चार अंशांनी उतरले, तर काल जेथे प्रत्येक फेकीला मासा लागत होता ती खाडी आज निर्जन वाटते. मासे गेलेले नसतात. जवळच्या पहिल्या उतारावर मागे सरलेले असतात. दोरीला बांधलेला एक साधा तापमापक पाण्यात सोडून निरनिराळ्या जागा तपासणारा मनुष्य अशा दिवशीही रिकाम्या हाताने परतत नाही, असा माझा अनुभव आहे.

ज्या पाण्यावर हे ज्ञान मला प्रथम मिळाले, ते केंटकी सरोवर. वास्तविक हे निसर्गाचे सरोवर नव्हे. १९३३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या टेनेसी व्हॅली अथॉरिटीने टेनेसी नदीवर, ती ओहायोला मिळते त्याच्या थोडे वर, १९३८ ते १९४४ या काळात धरण बांधले आणि १९४५ च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी त्याचे लोकार्पण केले. पाण्याचा फुगवटा दक्षिणेस १८४ मैल पसरला आणि सुमारे १,६०,००० एकर जमीन पाण्याखाली गेली. बर्मिंगहॅम नावाचे केंटकीतील एक सबंध गाव त्यात बुडाले. मराठी वाचकाला या धरणमालिकेविषयी अगदी परकेपणा वाटू नये, कारण डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेची जी मसलत झाली, तिच्यापुढे नमुना होता तो याच टेनेसी खोऱ्याचा. तेथूनच आलेल्या वूर्डुइन या अभियंत्याने तिचा प्राथमिक आराखडा केला, आणि १९४८ साली दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन अस्तित्वात आले. पूर, वीज आणि जलवाहतूक यांच्यासाठी आखलेल्या टेनेसीच्या या योजनेत माशाचा हिशेब गौण होता. तरीही धरणाच्या दफ्तरातील एक नियम क्रॅपीच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा ठरला आहे: हिवाळ्यात पुराला जागा राहावी म्हणून समुद्रसपाटीपासून ३५४ फुटांवर ठेवलेले पाणी एप्रिलच्या आरंभापासून चढवीत नेऊन मेच्या आरंभी ३५९ फुटांवर आणतात. पाच फूट म्हणजे उतरत्या काठावर किती जमीन, याची कल्पना धरणाकाठी राहिलेल्यालाच येईल. हिवाळाभर उघडी पडलेली बटनबुशची झुडपे नेमकी विणीच्या वेळी पाण्यात उभी राहतात, आणि त्यांच्या मुळांशी क्रॅपीला घरट्यासाठी जागा व पिलांना आसरा मिळतो. ज्या वर्षी पाणी वेळेवर चढले आणि मग स्थिर राहिले, त्या वर्षी पिलांना जगण्याची संधी अधिक. ज्या वर्षी ते चढून एकाएकी उतरले, त्या वर्षी अंडी उघडी पडतात. क्रॅपीची पैदास वर्षावर्षाला इतकी कमीजास्त का होते, या प्रश्नावर मत्स्यशास्त्रज्ञांनी पुष्कळ परिश्रम घेतले आहेत, आणि पाण्याची पातळी व हवामान यांचे महत्त्व त्यांनी पुनःपुन्हा नोंदवले आहे.

सरकारी तक्त्यांच्या कितीतरी आधीपासून तेथील लोकांनी आपले पंचांग झाडांवर वाचले. पाने फुटण्यापूर्वी रेडबडच्या उघड्या फांद्यांवर जांभळट गुलाबी फुले येतात, तेव्हा मासा उतारांवर येऊन थांबलेला असतो. त्यानंतर डॉगवुडचा पांढरा फुलोरा रानात दिसू लागला की क्रॅपी घरट्यावर आला असे समजावे. या दोन्ही बहरांच्या काळात थंडी एकेकदा परत येते, आणि तेथील वृद्ध माणसे तिला ‘रेडबडचा हिवाळा’, ‘डॉगवुडचा हिवाळा’ म्हणून ओळखतात. झाडाला आणि माशाला एकच सूर्य तापवतो, एवढे शास्त्र या लोकज्ञानाच्या पाठीशी आहे. मी स्वतः तापमापक बाळगतो. पण रस्त्याने जाताना रानाकडे पाहिल्यावाचून कधी पाण्यावर उतरत नाही.

घरट्यावरचा नर हे क्रॅपीच्या चरित्रातील सर्वांत उदात्त प्रकरण होय. विणीच्या दिवसांत त्याचा रुपेरी रंग मावळतो. डोके, छाती आणि कल्ल्यांचा भाग काजळासारखा काळा होतो, आणि काळ्या जातीचा नर तर दुरून कोळशाच्या तुकड्यासारखा भासतो. तो झुडपाच्या किंवा खोडाच्या आडोशाला तळ साफ करून उथळ खळगा करतो. अशा खळग्यांची पुष्कळदा वस्तीच बसते. मादी येते, एकाहून अधिक नरांच्या घरट्यांत अंडी घालते आणि खोल पाण्यात परतते. मोठी मादी लाखावर अंडी वाहते. त्यानंतरची जबाबदारी सर्वस्वी नराची: तो परांनी पाणी हलवीत अंड्यांवर ताजा प्रवाह ठेवतो, जवळ येणाऱ्या ब्लूगिलला हुसकावतो, आणि पाण्याच्या उबेप्रमाणे दोन ते पाच दिवसांत अंडी फुटून पिले पोहू लागेपर्यंत जागा सोडत नाही. या काळात तो भुकेने आमिष घेतो असे थोडेच. घरट्यावर चालून आलेल्या कोणत्याही वस्तूवर तो तुटून पडतो. तो सहज सापडतो याचे कारण हे आहे, आणि शिकाऱ्याने त्याच्या सापडण्याला आपले कौशल्य समजू नये.

सामग्रीचे वर्णन पुढे सविस्तर येईल. येथे एवढेच सांगतो की या शिकारीचे मूळ हत्यार म्हणजे बांबूची लांब काठी, आणि बांबूच्या बाबतीत अमेरिकेवर हिंदुस्थानचे थोडे ऋण आहे: एकोणिसाव्या शतकात तेथील कारागिरांनी बांबू चिरून, त्याच्या पट्ट्या जोडून ज्या नामांकित काठ्या घडवल्या, त्यांच्यासाठी आरंभी ‘कलकत्ता’ या नावाने विकला जाणारा आपल्याकडचाच बांबू वापरला जात असे. आज काचतंतूच्या आणि कार्बनच्या काठ्या आल्या. होडीच्या पुढच्या टोकाला आठ-आठ काठ्या पंख्यासारख्या मांडून संथ गतीने पाणी चाळण्याची पद्धत रूढ झाली. आमिष मात्र तेच: बोटाएवढी जिवंत मिनो मासळी, नाहीतर शिशाच्या इवल्या डोक्याला पिसांचा किंवा मऊ रबराचा झुबका बांधलेला जिग. गळ बारीक तारेचा घ्यावा; तो बुडालेल्या फांदीत अडकला तर ओढल्यावर सरळ होऊन सुटतो, आणि बोटांनी पुन्हा वाकवून कामाला लावता येतो. गरिबाच्या शिकारीत हा गुण लहान नाही.

हा मासा सामान्यांचा राहिला तो आपोआप राहिला नाही. टेनेसीच्या वायव्य कोपऱ्यात रीलफूट नावाचे सरोवर आहे. १८११-१२ च्या हिवाळ्यात न्यू मॅड्रिडच्या भूकंपांनी जमीन खचली आणि तिच्यात पाणी भरून ते झाले. सायप्रसच्या बुंध्यांतून होडी काढावी लागते असे हे उथळ पाणी, आणि उथळ म्हणूनच वसंतात लवकर उबणारे. क्रॅपीसाठी त्याची ख्याती जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी एका जमीन कंपनीने या सरोवरावर मालकी सांगितली आणि पिढ्यान् पिढ्या तेथे मासे धरून पोट भरणाऱ्या कुटुंबांच्या वहिवाटीवर गदा आली. १९०८ च्या ऑक्टोबरात मुखवटे घातलेल्या स्वारांनी कंपनीच्या दोन वकिलांना मुक्कामातून पळवले. एकाला फासावर लटकवले, दुसरा पाण्यात उडी घेऊन निसटला. राज्याला फौज पाठवावी लागली. त्या हत्येचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु १९१३ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रीलफूटचे पाणी सार्वजनिक ठरवले, हा त्या प्रकरणाचा न्याय्य शेवट होता असे मी मानतो. पुढे १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने मासेमारीच्या सामानावरील दहा टक्के केंद्रीय कराचे उत्पन्न राज्यांच्या मत्स्यखात्यांकडे वळवले. आज धक्क्यावर बसलेली आजी जी काठी विकत घेते, तिच्या किमतीतून तलावांची पाहणी होते, होड्या उतरवण्याचे घाट बांधले जातात आणि माशांच्या संख्येवर नजर ठेवली जाते. सार्वजनिक पाण्याचा खर्च त्याचा उपभोग घेणाऱ्यांनी उचलावा, ही तजवीज मला अत्यंत समंजस वाटते, आणि आपल्या जलाशयांच्या बाबतीत तिचा विचार व्हावा असे मनापासून वाटते.

विणीच्या मोसमात मासा धरणे उचित आहे काय, हा प्रश्न मात्र टाळता येणार नाही. पहिल्या पावसात ओढ्यातून शेतात चढणारे ‘चढणीचे मासे’ पोत्यांनी धरल्याच्या हकिगती कोकणात आणि घाटमाथ्यावर कोणी ऐकल्या नाहीत? त्या पोटात अंडी असलेल्या माशांच्या संहाराने कित्येक ओढे ओस पडले, हे आपल्याकडील जुने लोक खेदाने सांगतात. क्रॅपीची स्थिती थोडी निराळी आहे. त्याची प्रजननक्षमता मोठी. लहान तळ्यात त्याची गर्दी झाली तर सारेच खुरटतात, आणि पुढच्या पिढीचे भवितव्य धरलेल्या माशांच्या संख्येपेक्षा पाण्याच्या लहरीवर अधिक अवलंबून असते. म्हणून बहुतेक राज्यांनी वसंतातील शिकारीवर बंदी न घालता दिवसाची संख्या, आणि पुष्कळ तलावांवर किमान लांबीही, ठरवून दिली आहे. पण निसर्गाची ही उदारता अमर्याद नव्हे. अलीकडे पाण्याखालचा प्रत्येक मासा पडद्यावर हलताना दाखवणारे ध्वनियंत्र आले आहे, आणि ज्या खोल पाण्यात माशाला पूर्वी निवांतपणा होता तेथेही तो हुडकून काढला जातो. दुसरे संकट बाहेरून आले: आपल्याकडे शेततळ्यांत ‘चंदेरा’ म्हणून हौसेने सोडला जाणारा सिल्व्हर कार्प केंटकी सरोवरात आणि त्याला कालव्याने जोडलेल्या बार्कली सरोवरात घुसला असून, क्रॅपीची नवजात पिले ज्या सूक्ष्म जीवांवर जगतात तेच तो अहोरात्र गाळून खातो. त्याला थोपवण्यासाठी २०१९ मध्ये बार्कली धरणाच्या बंदिस्त जलमार्गाच्या (लॉकच्या) खालच्या अंगाला ध्वनी, प्रकाश आणि बुडबुड्यांचा पडदा उभारण्यात आला. अशा काळात कायद्याने मुभा दिली तेवढे सर्व धरावे, हे मला मान्य नाही. घरी एका जेवणाला पुरतील इतके मासे ठेवावेत. ते मक्याच्या पिठात घोळवून त्याच संध्याकाळी तळावेत, कारण क्रॅपीचे पांढरे, नाजूक मांस ताजेपणी जे असते ते पुन्हा नसते. आणि घरट्यावरचा काळा नर गळाला लागला, तर ओल्या हाताने गळ काढून त्याला त्याच जागी ताबडतोब सोडावे.

अमेरिकेत नोकरीव्यवसायानिमित्त गेलेल्या मराठी कुटुंबांना शनिवार-रविवारी काय करावे हा प्रश्न पडतो, आणि त्याचे उत्तर बहुधा दुकानांत शोधले जाते. त्यांच्या घरापासून तासा-दोन तासांच्या अंतरावर बहुधा एखादे सार्वजनिक पाणी असते, काठावर बसलेली साधी माणसे असतात, आणि त्यांच्याशी चार शब्द बोलायला गळ आणि बूच यांच्याइतके चांगले निमित्त नाही. पुढील प्रकरणे मुख्यतः त्यांच्यासाठी लिहिली आहेत. त्यांनी होडी घेण्याची घाई करू नये. पहिला हंगाम धक्क्यावरून आणि पिचिंगवरून, हातात तापमापक घेऊन काढावा. परवाना मात्र आधी काढावा आणि त्या त्या तलावाचे त्या वर्षीचे नियम स्वतः वाचावेत, कारण ते बदलत असतात. केंटकीत सोळा वर्षांखालील मुलांना परवाना लागत नाही, तेव्हा त्यांना अवश्य बरोबर न्यावे. मोठ्यांच्या परवान्याचे वर्ष तेथे १ मार्चला सुरू होते, म्हणून गेल्या वर्षीचा कागद खिशात ठेवून वसंतातल्या पाण्यावर कोणी जाऊ नये.